हजेरीपटावरचे मानवी हक्क

पुण्याच्या उत्तरेस, चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील एका मोठ्या कारखान्याच्या उपाहारगृहात, दुसऱ्या पाळीचे जेवण आटोपल्यावर टेबले भिंतीशी सरकवून भरवलेला एक प्रशिक्षणवर्ग काही वर्षांपूर्वी मी मागच्या बाकावर बसून पाहिला. विषय 'मानवी हक्क' असा होता. पडद्यावर बालमजुरी, वेठबिगारी, भेदभाव, लैंगिक छळ हे शब्द एकामागून एक उमटत होते, आणि ते समजावून देणारा तरुण अधिकारी खरोखरच तळमळीने बोलत होता. प्रश्न विचारा, असे त्याने म्हटल्यावर माझ्या शेजारी बसलेला, ठेकेदाराकडून आलेला एक कामगार उठला आणि म्हणाला, "साहेब, आमचा ओव्हरटाइम ठेकेदार साध्याच दराने देतो. ते ह्याच्यात बसतं का?" अधिकारी क्षणभर थांबला, आणि तो विषय ठेकेदाराशी बोलूनच मिटवावा लागेल, असे त्याने सौम्यपणे सांगितले. जादा तासांचा मोबदला दुप्पट दराने द्यावा, असे तेव्हा लागू असलेला १९४८ चा कारखाने अधिनियम स्पष्ट शब्दांत सांगत होता. तो पडद्यावर कोठेच नव्हता. नंतर हजेरीपट फिरला. त्या कामगारानेही सही केली, म्हणजे वर्षअखेरीस प्रशिक्षितांच्या संख्येत तो धरला गेला असणार. त्याचा प्रश्न मात्र कोणी कोठेही टिपून घेतला नाही.

त्या एका प्रश्नाच्या आधाराने या सबंध विषयाचा आढावा घ्यावा, असे तेव्हापासून मनात होते. मोठ्या कंपन्या आपल्या नोकरवर्गाला मानवी हक्कांचे शिक्षण कसे देतात, आपल्या व्यवहारामुळे माणसांच्या हक्कांना पोहोचणाऱ्या धोक्यांचा बंदोबस्त कसा करतात, आणि या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध उरला आहे की नाही, हे पाहणे गेल्या पंधरा वर्षांत अगत्याचे झाले आहे, कारण या काळात या विषयावर कायदे, मार्गदर्शिका, प्रमाणपत्रे आणि अहवाल यांची जेवढी भर पडली तेवढी त्यापूर्वीच्या शतकात पडली नव्हती.

शब्द नवे असले तरी प्रश्न जुना आहे, आणि मराठी वाचकाला तर तो परका वाटण्याचे कारणच नाही. १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून नारायण मेघाजी लोखंडे यांनी जो अर्ज तयार केला, त्यावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. आठवड्याची सुट्टी, दुपारची विश्रांती, पगाराची ठरलेली तारीख आणि कामावर इजा झाल्यास भरपाई, इतक्या साध्या मागण्या त्यात होत्या. रविवारची सुट्टी पदरात पडायला १८९० चा जून महिना उजाडावा लागला. त्या काळचे कारखान्यांविषयीचे कायदे करण्यामागे मँचेस्टर-लँकेशायरच्या गिरणीमालकांचा स्वार्थही होता, हे इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. मुंबईतील स्वस्त श्रमाशी त्यांना स्पर्धा करावी लागत होती, म्हणून येथील कामगारांची त्यांना कणव आली. परंतु लोखंड्यांच्या अर्जाचे वैशिष्ट्य असे, की धोका कोणता आणि तो कोठे बोचतो हे तेथे ज्याला बोचत होते त्यानेच लिहून दिले होते. मालकाने कामगाराला शिकवावे, हा आजचा क्रम त्या अर्जात उलटा होता. तो उलटा क्रमच बरोबर होता, असे मला वाटते, आणि पुढील विवेचन या मताला धरूनच केले आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत कपडे, बूट आणि खेळणी यांचे उत्पादन जेव्हा श्रीमंत देशांतून उठून आशियात आले, तेव्हा नाममुद्रा एकाची आणि कारखाना दुसऱ्याचा अशी विभागणी झाली. लिव्हाय स्ट्रॉस कंपनीने १९९१ मध्ये आपल्या पुरवठादारांसाठी आचारसंहिता जाहीर केली. नायकीने त्यानंतर वर्षभरात तीच वाट धरली. आचारसंहिता आली तशी तिच्या पाठोपाठ तपासणी आली, तपासणीपाठोपाठ प्रमाणपत्र आले, आणि प्रमाणपत्र मिळावे म्हणून प्रशिक्षण आले. प्रशिक्षणाचा हा उगम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पुरवठादाराच्या कारखान्यात परीक्षक येणार, तो कामगारांना चार प्रश्न विचारणार, तर त्यांची उत्तरे ठाऊक असावीत, या गरजेतून पुष्कळ ठिकाणी ते जन्माला आले, आणि ही जन्मखूण अद्याप पुरती पुसली गेलेली नाही.

या गोंधळात विचाराची शिस्त आणण्याचे श्रेय जॉन रगी या प्राध्यापकांना द्यावे लागते. संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी २००५ साली त्यांची विशेष प्रतिनिधी म्हणून नेमणूक केली. सहा वर्षांच्या विचारविनिमयानंतर त्यांनी मांडलेली ३१ मार्गदर्शक तत्त्वे १६ जून २०११ रोजी मानवी हक्क परिषदेने एकमताने उचलून धरली. रक्षण करणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य, आदर राखणे ही कंपनीची जबाबदारी, आणि हानी झालेल्या माणसाला दाद मिळण्याची सोय ही दोघांचीही बांधिलकी, असा त्यांचा त्रिविध आराखडा आहे. पण माझ्या मते त्यांचे खरे मोठे काम एका शब्दापुरते आहे. कंपन्यांच्या दप्तरी 'जोखीम' म्हणजे कंपनीला लागणारी तोशीस, असाच अर्थ पिढ्यान्‌पिढ्या रूढ होता: दावा लागेल, माल अडकेल, नाव खराब होईल, समभागाचा भाव उतरेल. रगींच्या तत्त्वांनी जोखीम ही माणसाच्या बाजूने मोजायला सांगितली. हानी किती भयंकर आहे, किती जणांना ती पोहोचते, आणि एकदा झालेली हानी भरून येण्याजोगी आहे की नाही, या तीन कसोट्यांवर धोक्यांचा क्रम लावावा, कंपनीच्या खर्चावर नव्हे. हा फरक ज्या कंपनीला उमगला तिचे प्रशिक्षण वेगळे होते, आणि ज्या कंपनीला उमगला नाही तिचे प्रशिक्षण म्हणजे वकिलाने आखून दिलेली बचावाची तजवीज ठरते.

या तत्त्वांची शाई वाळते न वाळते तोच दोन दुर्घटनांनी जुन्या पद्धतीचा निकाल लावला. ११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीतील अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्यात आग लागून अडीचशेहून अधिक माणसे मेली; खिडक्यांना गज होते, बाहेर पडण्याच्या वाटा बंद होत्या, आणि त्याच कारखान्याला काही आठवड्यांपूर्वी सामाजिक उत्तरदायित्वाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र बहाल झाले होते. दुसरी दुर्घटना ढाक्याजवळच्या सावर येथील राणा प्लाझाची. २३ एप्रिल २०१३ रोजी त्या आठ मजली इमारतीच्या खांबांना तडे गेलेले दिसले. खालच्या मजल्यांवरील बँक आणि दुकाने बंद राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यांवरील कपड्यांच्या कारखान्यांत मात्र कामगारांना हुकूम देऊन आत घेण्यात आले, आणि इमारत कोसळून १,१३४ जीव गेले. बँकेच्या कर्मचाऱ्याला घरी राहण्याची मुभा होती; शिलाई करणारीला ती नव्हती, कारण तिच्या मालकाला परदेशी जहाजाची तारीख गाठायची होती, आणि त्या दिवसाचा खाडा तिला परवडणारा नव्हता. भेगा तिलाही दिसत होत्या. धोका ओळखण्याचे शिक्षण तिला कमी पडले, असे कोणी म्हणू शकणार नाही. तिला कमी पडली ती 'आज मी आत जाणार नाही' असे म्हणण्याची सत्ता.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात झालेला बांगलादेशचा अग्नि व इमारत सुरक्षा करार म्हणूनच मला या सबंध इतिहासातील सर्वांत शहाणा दस्तऐवज वाटतो. दोनशेहून अधिक नाममुद्रांनी कामगार संघटनांबरोबर केलेला तो कायद्याने बांधणारा करार होता. स्वतंत्र अभियंत्यांची तपासणी आणि कामगारांच्या सुरक्षा समित्यांचे प्रशिक्षण हे तर त्यात होतेच, पण असुरक्षित जागी काम नाकारण्याचा हक्क त्यात लिहिलेला होता, आणि दुरुस्त्या परवडतील अशा बेताचे व्यापारी व्यवहार ठेवण्याचे बंधन खरेदीदारांनी स्वतःवर घेतले होते. शिक्षण, अधिकार आणि पैसा ही तीन सूत्रे एका करारनाम्यात गुंफलेली प्रथमच दिसली.

कायद्यांचा आढावा थोडक्यात घेतो, कारण तो तपशील इतरत्र विपुल मिळतो. कॅलिफोर्नियाचा २०१० चा पारदर्शकता कायदा, ब्रिटनचा २०१५ चा आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा, फ्रान्सचा २०१७ चा दक्षतेचे कर्तव्य सांगणारा कायदा, १ जानेवारी २०२३ पासून अमलात आलेला जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा आणि २०२४ मधील युरोपीय संघाचा निर्देश, अशी ही मालिका आहे. त्यांतील ब्रिटिश कायदा ३ कोटी ६० लाख पौंडांहून मोठ्या उलाढालीच्या कंपन्यांना दरसाल निवेदन काढायला लावतो, पण आम्ही काहीही केलेले नाही एवढे निवेदन काढले तरी त्याची पूर्तता होते. ही त्याची मोठीच उणीव. युरोपीय निर्देशाची मुदत २०२५ मध्ये पुढे ढकलली गेली, आणि तो सौम्य करण्याची खटपट जोरात चालली. मला या सर्वांत कॅलिफोर्नियाच्या कायद्यातील एक कलम विशेष मोलाचे वाटते. पुरवठा साखळीची प्रत्यक्ष जबाबदारी ज्यांच्याकडे आहे, अशा कर्मचाऱ्यांना आणि व्यवस्थापकांना प्रशिक्षण दिले की नाही, हे सांगा, असे ते कलम म्हणते. ते सगळ्यांची संख्या विचारत नाही, नेमक्या माणसाकडे बोट दाखवते.

आणि येथेच आजच्या प्रशिक्षणाची मुख्य चूक आहे. बहुतेक कंपन्यांत मानवी हक्कांचे शिक्षण खालून वर चढते आणि मध्येच थकून थांबते. यंत्रावरचा कामगार, दारावरचा पहारेकरी, नवा लागलेला कारकून, हे सगळे संगणकावरची चित्रफीत पाहतात, दहा प्रश्नांना उत्तरे देतात आणि प्रमाणपत्र घेतात. खरेदी विभागातला अधिकारीही तीच चित्रफीत पाहतो. पण टनामागचा दर दोन टक्क्यांनी खाली आणला तर पुरवठादार ती कसर कोणाच्या मजुरीतून भरून काढील, मागणीचा आकडा आठ दिवस आधी दुप्पट केला तर ते जादा तास कोणाच्या झोपेतून येतील, हे त्याला कोणी शिकवत नाही. उलट भाव पाडल्याबद्दल वर्षअखेरीस त्याला बक्षीस मिळते. कर्मचाऱ्यांची बक्षिसे आणि खरेदीची वहिवाट ही मानवी हक्कांच्या धोरणाशी विसंगत असता कामा नये, असे रगींच्या सोळाव्या तत्त्वाच्या भाष्यात लिहिलेले आहे; जर्मन कायद्यातही प्रशिक्षणाच्या जोडीला खरेदीच्या रीती सुधारण्याचे कलम आहे. ज्या कंपनीत एकच माणूस सकाळी मानवी हक्कांच्या वर्गात बसतो आणि दुपारी भाव पाडल्याची शाबासकी घेतो, तिच्या वर्गाचा परिणाम किती होणार?

आपल्याकडे याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण उसाच्या फडात आहे. बीडपासून निघणारी ऊसतोड टोळी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरते. हिशेबाच्या भाषेत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' होतो; बाई स्वतंत्र मजूर म्हणून कोणत्याही वहीत नसते. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडण्यासाठी टनाटनाचा हिशेब चालतो. मध्यरात्रीनंतर केव्हाही गाडी भरायची वेळ येते. बाई तोडलेल्या उसाची मोळी बांधते, डोक्यावर घेते, फळीवरून ट्रकमध्ये चढते. उजाडले की कोपीत चूल, लेकरे, पाणी. एक दिवस पडून राहिली तर खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीत जमा. पाळीच्या दुखण्याला, अंगावर जाण्याला या हिशेबात जागा नाही. बीड जिल्ह्यातील गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य शासनाने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,००० हून अधिक ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,००० हून अधिक जणींनी ही शस्त्रक्रिया करून घेतल्याचे आढळले. रगींची तिसरी कसोटी, हानी भरून येण्याजोगी आहे काय, ही येथे लावून पाहावी.

आता या बाईपासून वर मोजत जावे. तिच्यावर मुकादम, त्यावर तोडणी-वाहतुकीचा ठेकेदार, त्यावर साखर कारखाना, त्यावर साखर घेणारी खाद्य किंवा शीतपेय कंपनी. २०२४ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने महाराष्ट्रातील ऊसतोड स्त्रियांवर सविस्तर वृत्तांत छापला आणि ही साखर घेणाऱ्यांत जगभर नाव असलेल्या शीतपेय कंपन्या आहेत हे दाखवले, तेव्हा जगाला धक्का बसला. बीडच्या बसस्थानकावर चहा पिणाऱ्या कोणालाही तो बसला नसता. खरेदीदार कंपनीचे प्रशिक्षण तिच्या नोकरांपुरते, कारखान्याचे त्याच्या कायम कामगारांपुरते. तोडणी कामगार आमचे नव्हेत, ते मुकादमाचे, असे उत्तर तयार असते, आणि मुकादम कोणाच्याच हजेरीपटावर नसतो. चाकणला त्या कामगाराला मिळालेल्या उत्तराचा अर्थही हाच होता.

हे असेच असले पाहिजे असे मात्र नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात इमोकाली येथील टोमॅटो खुडणाऱ्या स्थलांतरित मजुरांनी संघटना उभारून मोठमोठ्या उपाहारगृहांच्या आणि किराणा साखळ्यांशी करार केले. २०११ पासून तेथे जी व्यवस्था चालते तीत खरेदीदार पौंडामागे एक सेंट जादा देतो, हक्कांचे शिक्षण मजूरच मजुरांना शेतावर, कामाच्या वेळेत, पगार चालू ठेवून देतात, तक्रारीसाठी अहोरात्र दूरध्वनी असतो, आणि दोषी शेतमालकाचा माल करारातील खरेदीदार उचलत नाहीत. हे शिक्षण टिकले, कारण त्याच्या मागे बाजारपेठेचे दार बंद होण्याची भीती उभी आहे. आपल्या देशातही तमिळनाडूच्या दिंडिगुल जिल्ह्यात २०२१ मध्ये कपड्याच्या कारखान्यातील एका तरुण दलित कामगार स्त्रीच्या हत्येनंतर, दलित स्त्रियांचे बहुमत असलेल्या कामगार संघटनेने पुढाकार घेऊन २०२२ मध्ये कारखानदाराशी करार केला, आणि एच अँड एम, गॅप व पीव्हीएच या खरेदीदारांनीही स्वतःला त्याच्याशी बांधून घेतले. कामगार स्त्रियांतूनच निवडलेल्या आणि शिकवून तयार केलेल्या पहारेकरणी शिलाईच्या रांगांमध्ये काय घडते ते टिपतात आणि वर पोहोचवतात. आपल्या शिवारात ऊसतोड बाईला अशी जागा देणे अशक्य आहे, असे मला पटवून देणारे कारण अद्याप कोणी सांगितलेले नाही.

भारतीय कायद्यानेही याची एक वाट आधीच आखली आहे. विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली दिलेल्या निर्देशांतून पुढे २०१३ चा कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. दहा किंवा अधिक नोकर असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती, तिच्या अध्यक्षपदी स्त्री, किमान निम्म्या सदस्य स्त्रिया, एक सदस्य बाहेरचा, चौकशीला नव्वद दिवसांची मुदत, आणि कार्यशाळा घेण्याचे मालकावर बंधन, अशी त्याची रचना आहे. कित्येक ठिकाणी ही समिती भिंतीवरच्या फलकावर जगते, हे खरे. तरीही शिक्षण, तक्रारीची जागा आणि बाहेरचा साक्षीदार हे तिन्ही एकत्र मागण्याचे शहाणपण त्यात आहे. बाहेरच्या त्या एका सदस्यामुळे साहेबाच्या खोलीत मिटणारी प्रकरणे टेबलावर येतात.

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२१ मध्ये आखलेल्या आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना बंधनकारक केलेल्या अहवालनमुन्यात पाचवे तत्त्व मानवी हक्कांचे आहे, आणि त्याखालचा पहिलाच प्रश्न असा आहे, की किती कर्मचाऱ्यांना व कामगारांना मानवी हक्कांचे प्रशिक्षण दिले. उत्तर संख्येत आणि टक्केवारीत द्यायचे असते. प्रश्न विचारला गेला, हेच आपल्याकडे मोठे पाऊल आहे, आणि त्याचे श्रेय सेबीला दिलेच पाहिजे. पण टक्केवारीला तो ओव्हरटाइमचा प्रश्न ऐकू येत नाही. किती जण वर्गात बसले याच्या शेजारीच, वर्गात कोणते प्रश्न आले आणि त्यांतले किती सुटले, खरेदी विभागातील किती जण त्यांत होते, ठेकेदाराची आणि मुकादमाची किती माणसे होती, हे विचारल्याशिवाय हा रकाना भरून काही उपयोग नाही.

ज्या वाचकांच्या घरी अशा एखाद्या कंपनीचे चार समभाग आहेत, आणि मध्यमवर्गीय मराठी घरांत ते आता पुष्कळांकडे आहेत, त्यांनी यंदाचा वार्षिक अहवाल आला म्हणजे पाचव्या तत्त्वाचे ते पान उघडावे, तेथील टक्केवारी वाचावी, आणि वार्षिक सभेत उठून एवढेच विचारावे, की या संख्येत तुमच्या ठेकेदाराचे कामगार आहेत काय, आणि त्यांनी काय विचारले. भागधारकाच्या प्रश्नाची नोंद होण्याची शक्यता निदान अधिक असते.